जुन्या बुलेटचे पॉइंट: काम छोटं, पण मापाने केलं तर धंदा उभा राहतो



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण जुन्या, कास्ट-आयर्न इंजिनच्या बुलेट 350 चे पॉइंट बदलले आणि सेट केले. व्हिडिओत हात कसे चालतात ते दिसतं. पण मापं, तपासणीचा क्रम आणि मजुरीचा हिशोब कागदावर हाताशी असलेला बरा. त्यासाठी हा लेख. शेडमध्ये भिंतीवर चिकटवून ठेवलात तरी चालेल.

आधी एक प्रश्न, जो तुमच्यापैकी बरेच जण विचारतात. "सर, आयटीआय झालंय, तीन वर्षं गॅरेजमध्ये काम केलंय. स्वतःचं टाकायचं म्हणतोय. पण नवीन गाड्या तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जातात. माझ्याकडे येणार कोण?"

प्रश्न बरोबर आहे. आजच्या इंजेक्शनवाल्या गाडीला स्कॅनर लागतो, गाडी वॉरंटीत असते आणि मालक बाहेर द्यायला घाबरतो. तिथे तुम्ही पहिल्या दिवशी टिकणार नाही. पण तुमच्याच तालुक्यात अशा गाड्या आहेत ज्यांना आज सर्व्हिस सेंटर घेत नाही आणि गल्लीतला नवा मेकॅनिक हात लावायला कचरतो. वडिलांची बुलेट, काकांची येझदी, शेतावर पडलेली राजदूत, जुनी चेतक. या गाड्या ज्यांनी आयुष्यभर सांभाळल्या ते मिस्त्री आता थकले. मालक मात्र अजून आहेत आणि गाडी चालू राहावी म्हणून पैसे मोजायला तयार आहेत.

या सगळ्या जुन्या गाड्यांत एक गोष्ट समान आहे. त्यांच्या इग्निशनमध्ये पॉइंट आहेत. ते काम ज्याला नीट येतं, त्याच्याकडे गाडी येते. आणि "नीट" म्हणजे काय, तेच आज बघायचं आहे.

पॉइंट करतो तरी काय?

कुणी सीबी पॉइंट म्हणतं, कुणी प्लॅटिनम पॉइंट. धातू बहुतेक वेळा टंगस्टन असतो, नाव जुनं चिकटलंय. काम सोपं आहे: हा एक स्विच आहे, जो इंजिन स्वतः चालू-बंद करतं.

पॉइंट बंद असतात, म्हणजे एकमेकांना टेकलेले असतात, तेव्हा बॅटरीचा करंट इग्निशन कॉइलच्या आतल्या जाड वेढ्यांतून वाहतो. कॉइलमध्ये चुंबकीय क्षेत्र तयार होतं. मग कॅमचा उंचवटा पॉइंटच्या फायबरच्या टाचेला ढकलतो, पॉइंट उघडतात आणि करंट तुटतो. चुंबकीय क्षेत्र एकदम कोसळतं, त्यामुळे कॉइलच्या बारीक वेढ्यांत हजारो व्होल्ट तयार होतात आणि प्लगवर ठिणगी पडते. लक्षात ठेवा, ठिणगी पॉइंट उघडताना पडते, टेकताना नाही. टायमिंगचं सगळं गणित या एका गोष्टीवर आहे.

शेजारी जो छोटा डबा दिसतो तो कंडेन्सर. पॉइंट उघडताना करंट तिथे उडी मारायला बघतो. कंडेन्सर तो झटका स्वतःत घेतो. त्यामुळे पॉइंट जळत नाहीत आणि करंट झटकन तुटतो. कंडेन्सर गेला की पॉइंटमध्ये मोठी ठिणगी आणि प्लगवर मरतुकडी ठिणगी, असं उलटं चित्र दिसतं.

बुलेट फोर-स्ट्रोक आहे. तिचा पॉइंटचा कॅम इंजिनच्या निम्म्या वेगाने फिरतो, दोन फेऱ्यांत एक ठिणगी. जावा, जुनी येझदी, राजदूत या टू-स्ट्रोक. तिथे कॅम थेट क्रँकवर, म्हणजे प्रत्येक फेरीला ठिणगी.

आधी तपासा, मग पाना उचला

गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "किक मारून मारून पाय गेला, पॉइंट बदलून टाक." तुम्ही लगेच बदलले आणि गाडी तरीही सुरू झाली नाही, तर पैसे मागायला तोंड राहत नाही. म्हणून हा क्रम पाळा:

1. बॅटरी. 12 व्होल्टची भरलेली बॅटरी विश्रांतीत साधारण 12.6 व्होल्ट दाखवते, 6 व्होल्टची साधारण 6.3. बरीच खाली असेल तर आधी चार्ज करा. कमी बॅटरीवर चांगले पॉइंटसुद्धा कमजोर ठिणगी देतात.
2. प्लग आणि कॅप. प्लग काढून बघा. काळा ओला असेल तर आधी साफ करा, गॅप मोजा. कॅप आणि वायर हलवून बघा.
3. किल स्विच, चावीचा स्विच, कॉइलची जोडणी. जुन्या गाडीत अर्धे आजार सैल आणि गंजलेल्या जोडणीचे असतात.
4. पॉइंट उघडून बघा. दोन्ही तोंडं काळी, जळकी आहेत का? एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला टेकडी झाली आहे का? फायबरची टाच झिजली आहे का?
5. कंडेन्सर. इंजिन चालू असताना पॉइंटमध्ये सतत मोठी निळसर-पांढरी ठिणगी दिसली तर संशय कंडेन्सरवर. गाडी थंड असताना चालते आणि गरम झाली की बंद पडते, हेही कंडेन्सरचं (कधी कॉइलचं) लक्षण आहे.

आणि एक नियम: एका वेळी एकच भाग बदला, मग गाडी चालवून बघा. पॉइंट, कंडेन्सर, कॉइल, प्लग सगळं एकदम बदललं तर गाडी सुरू होईल, पण आजार कशाचा होता ते तुम्हाला कळणार नाही. पुढच्या गाडीला तुम्ही पुन्हा सगळं बदलाल. त्यात गिऱ्हाइकाचा पैसा जातो आणि तुमचं शिकणं थांबतं.

लागणारी हत्यारं

फिलर गेज, चांगले स्क्रू-ड्रायव्हर, पॉइंट फाइल, मल्टीमीटर, वायर जोडलेला छोटा टेस्ट लॅम्प (12 व्होल्टच्या गाडीला 12 चा बल्ब, 6 च्या गाडीला 6 चा), डिग्री डिस्क, आणि कॅमला लावायचं गरमीत न वितळणारं ग्रीस. यातली बहुतेक हत्यारं काही शे रुपयांची आहेत. पुण्यात नाना पेठेत किंवा तुमच्या शहरातल्या स्पेअर पार्टच्या गल्लीत एका फेरीत मिळतील. महागडी मशीन एकही नाही.

इथे कंजुषी एकाच ठिकाणी करू नका. पॉइंटचा सेट घेताना हातात घेऊन बघा. दोन्ही तोंडं समोरासमोर सपाट बसतात का, स्प्रिंगला ताण आहे का, टाच घट्ट आहे का. स्वस्त सेटची टाच लवकर झिजते आणि गाडी पंधरा दिवसांत परत तुमच्या दारात येते.

बदलण्याचं काम, पायरीने

एक. चावी बंद. बॅटरीचं अर्थचं टोक काढा. जुन्या गाड्यांत अर्थला निगेटिव्हच असेल असं धरून चालू नका, आधी बघा. प्लग काढून ठेवा म्हणजे इंजिन हाताने हलकं फिरेल.

दोन. बुलेटमध्ये पॉइंट उजव्या बाजूला, टायमिंग कव्हरच्या मागच्या अंगाला गोल झाकणाखाली असतात. झाकण उघडण्याआधी आजूबाजूची माती पुसा. उघडल्यावर मोबाइलवर दोन फोटो काढा: कोणती वायर कुठे, कोणता वॉशर कशाच्या वर.

हा फोटो का? हलणारा पॉइंट आणि कंडेन्सरची वायर बॉडीपासून अलग ठेवायला फायबरचे छोटे वॉशर असतात. बसवताना त्यांचा क्रम चुकला तर पॉइंट कायमचा अर्थ होतो आणि ठिणगी शून्य. नवे पॉइंट टाकले आणि गाडी साफ मेली, असं झालं की पहिल्यांदा हे वॉशर बघा.

तीन. जुना सेट काढल्यावर दोन गोष्टी तपासा. कॅमचा शाफ्ट बोटाने बाजूला हलवून बघा. खेळ असेल तर गॅप कधीच स्थिर राहणार नाही, मग नवे पॉइंट टाकून उपयोग नाही. दुसरं, ऑटो ॲडव्हान्स. कॅम हाताने फिरवून सोडा, तो स्प्रिंगने झटकन परत यायला हवा. अडकत असेल तर साफ करून तेलाचा थेंब द्या. स्प्रिंग ढिली असेल तर ते वेगळं काम आहे आणि गिऱ्हाइकाला आधी सांगायचं आहे.

चार. नव्या पॉइंटवर गंज लागू नये म्हणून तेलाचा थर असतो. थिनरने पुसा. तो तसाच राहिला तर जळून काळा थर बनतो. शेवटी एक कोरडं, कोरं व्हिजिटिंग कार्ड पॉइंटमध्ये धरून ओढा. जाड कागद उरलेला तेलकटपणा घेतो आणि कण मागे सोडत नाही. पॉलिश पेपर मात्र वापरू नका, त्याचे कण पॉइंटमध्ये रुततात.

पाच. सेट बसवा. कॅमला, टाच घासते तिथे, ग्रीसचा अगदी छोटा ठिपका. जास्त झालं तर उडून पॉइंटवर येतं.

गॅप आधी, टायमिंग नंतर

आता खरं काम. गाडी सेंटर स्टँडवर, टॉप गियरमध्ये टाका आणि मागचं चाक हाताने फिरवा, म्हणजे इंजिन हळू फिरतं. पॉइंट जास्तीत जास्त उघडलेले असतील, म्हणजे टाच कॅमच्या शिखरावर असेल, तिथे थांबा.

बुलेट 350 साठी पॉइंटचा गॅप 0.35 ते 0.40 मिमी. लॉक स्क्रू सैल करा, प्लेट सरकवा. 0.35 ची पट्टी सहज जावी आणि 0.40 ची पट्टी हलकी घासत जावी. स्क्रू घट्ट करा आणि पुन्हा मोजा. घट्ट करताना प्लेट सरकते. व्हिडिओत आपण तीन वेळा मोजलं ते वेळ घालवायला नव्हतं.

आता टायमिंग. इथे बरेच जण क्रम उलटा करतात, म्हणून कारण समजून घ्या.

गॅप वाढवला की टाच कॅमवर लवकर चढते, पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग पुढे जातं. गॅप कमी केला की पॉइंट उशिरा उघडतात, टायमिंग मागे पडतं. म्हणजे गॅपला हात लावला की टायमिंग आपोआप सरकतं. म्हणून गॅप आधी कायम करायचा आणि मग टायमिंग. टायमिंग करून झाल्यावर गॅप हलवला तर सगळं परत करावं लागतं.

यातूनच जुन्या गाडीचं नेहमीचं रडगाणं समजतं. टाच हळूहळू झिजते, गॅप आपोआप कमी होतो, टायमिंग मागे पडतं. गाडी एका दिवसात बिघडत नाही. चढाला दम कमी पडतो, इंजिन जास्त तापतं, पेट्रोल जास्त लागतं. मालक म्हणतो, "म्हातारी झाली गाडी." आणि असते फक्त टाच झिजलेली.

उलटं, टायमिंग फार पुढे असेल तर किक उलटी बसते. बुलेटची उलटी किक घोटा दुखावते. म्हणजे टायमिंगचं माप गिऱ्हाइकाच्या पायाच्या सुरक्षेचाही प्रश्न आहे.

बुलेट 350 मध्ये ऑटो ॲडव्हान्स पूर्ण मागे असताना, पिस्टन वरच्या टोकापासून 0.8 मिमी खाली असताना, कॉम्प्रेशनच्या फेरीत, पॉइंट नुकते उघडायला लागले पाहिजेत. त्यासाठी:

- बरोबर फेरी शोधा. फोर-स्ट्रोकमध्ये पिस्टन दोन फेऱ्यांत दोनदा वर येतो. टॅपेटचं झाकण उघडा. दोन्ही पुशरॉड बोटाने मोकळे फिरले तर ती कॉम्प्रेशनची फेरी.
- पिस्टनची जागा मोजा. बुलेटच्या हेडला प्लग तिरका बसतो. त्यातून सळई घालून मिळणारं माप पिस्टनच्या सरळ हालचालीचं नसतं. डिग्री डिस्क लावून मोजणं जास्त भरवशाचं.
- इंजिन चालतं त्याच दिशेने फिरवा. माप ओलांडलं तर बरंच मागे घ्या आणि पुन्हा पुढे या. असं केलं की गियरमधला ढिलेपणा मापात शिरत नाही.
- उघडण्याचा क्षण पकडा. बॅटरी जोडा, चावी चालू करा. टेस्ट लॅम्पचं एक टोक पॉइंटच्या टर्मिनलला, दुसरं अर्थला. पॉइंट टेकलेले असताना बल्ब बंद, उघडले की पेटतो. तो पेटायला लागतो तो क्षण तुमचा.

बल्ब नसेल तर बुलेटमध्ये एक फुकटचं साधन आहे: हेडलाइटच्या कवचावरचा अँपिअर मीटर. लाइट बंद, चावी चालू. पॉइंट टेकले की काटा मायनसकडे झुकतो, उघडले की मध्यावर येतो. जुने बुलेटवाले किक मारण्याआधी हाच काटा बघतात.

माप जुळत नसेल तर बेस प्लेटचे स्क्रू सैल करून प्लेट किंचित फिरवा, घट्ट करा, पुन्हा तपासा. प्लेटच्या खाचा संपल्या तरी माप बसत नसेल तर ऑटो ॲडव्हान्स युनिट शाफ्टवर चुकीच्या जागी बसवलेलं असू शकतं. जबरदस्ती करू नका. काम झालं की चावी बंद करा. पॉइंट टेकलेले असताना चावी चालू राहिली तर कॉइल तापते आणि बॅटरी उतरते.

दुसऱ्या गाड्यांना बुलेटचं माप लावू नका

राजदूतमध्ये फ्लायव्हील मॅग्नेटो आहे. पॉइंट फ्लायव्हीलच्या आत, खिडकीतून दिसतात. इग्निशनला बॅटरी लागत नाही, म्हणून वरचा टेस्ट लॅम्प तिथे तसाच चालत नाही. पॉइंटमध्ये पातळ कागदाची पट्टी धरून हलकं ओढत राहा आणि फ्लायव्हील फिरवा. पट्टी सुटली, पॉइंट उघडले. यामाहाच्या आरडी 350 ला दोन सिलिंडर, म्हणून पॉइंटचे दोन सेट. दोन्हीचं टायमिंग स्वतंत्र करायचं. म्हैसूरच्या जुन्या जावा आणि येझदीचं माप मॉडेलनुसार बदलतं. प्रत्येक गाडीचं मॅन्युअल मिळवा आणि तिचं पान फाइलला लावा. "सगळ्यांना पोस्टकार्डाच्या जाडीचा गॅप" हा हिशोब रस्त्यात अडकल्यावर घरी पोचण्यापुरता ठीक. पैसे घेऊन काम करताना चालत नाही.

गिऱ्हाइकाशी बोलायचं कसं

जुन्या गाडीचा मालक वयाने मोठा असतो आणि गाडी त्याला तुमच्यापेक्षा जास्त माहीत असते. त्याला ज्ञान शिकवू नका, माप दाखवा.

"काका, हा तुमचा जुना गॅप. बघा, 0.20 ची पट्टीसुद्धा अडकतेय. पाहिजे 0.35 ते 0.40. टाच झिजलीय, म्हणून चढाला दम लागत नाहीये."

"मग घासून भागेल का रे? मागच्या वेळी तसंच केलं होतं."

"घासून महिनाभर जाईल काका. पण टाच परत येणार नाही. सेट बदलला तर मी टायमिंग मोजून देतो आणि पाचशे किलोमीटरला परत गॅप बघून देतो. त्याचे वेगळे पैसे नाहीत."

"आणि कंडेन्सर?"

"तो अजून चांगला आहे. ठेवू या. पुढे त्रास दिला तर तेव्हा बघू."

या बोलण्यात काय झालं बघा. तुम्ही एक पार्ट विकला नाही. तो कंडेन्सर शंभर-दोनशे रुपयांचा असेल, पण न विकल्याने काकांना कळलं की हा मुलगा गरज असेल तेच सांगतो. ते तुमचं नाव त्यांच्या चार मित्रांना सांगणार. जुन्या गाड्यांच्या धंद्याची जाहिरात अशीच होते. शिवाय काढलेला जुना सेट पिशवीत घालून परत द्या. मागितला नाही तरी द्या.

मजुरी किती घ्यायची?

इथे सगळ्यात जास्त मुलं मार खातात. "अरे, दोन स्क्रूचं काम, दीडशे दे." मग महिन्याच्या शेवटी भाडं निघत नाही. चला, हिशोब मांडू. आकडे समजायला घेतलेत, तुम्ही तुमचे टाका.

- शेडचं भाडं: 6,000
- मदतनीस: 9,000
- वीज, मोबाइल, चहापाणी: 1,500
- हत्यारांची झीज: 1,500
- तुमच्या घरी न्यायचा पगार: 25,000
- एकूण: 43,000 रुपये महिना

महिन्यात 25 दिवस, रोज 8 तास, म्हणजे 200 तास. पण सगळे तास कामाचे नसतात. पार्ट आणणं, गिऱ्हाइकाशी बोलणं, रिकामं बसणं. सुरुवातीला निम्मेच तास पैशाचे धरा: 100. म्हणजे तुमचा एक तास 430 रुपयांना पडतो.

आता पॉइंटचं काम. तपासणी, बदलणं, गॅप, टायमिंग, चालवून बघणं: नवशिक्याला दीड तास. पाचशे किलोमीटरनंतरची फुकट म्हटलेली तपासणी: अर्धा तास. ती फुकट नाही, ती आजच्या बिलात आहे. एकूण दोन तास, 860 रुपये मजुरी, पार्ट वेगळे.

दीडशे रुपयांत हे काम केलं तर प्रत्येक गाडीमागे तुम्ही 710 रुपये खिशातून घालताय. हात बसल्यावर बदलण्याचं काम पाऊण तासात होईल. मग तपासणी धरून सव्वा तास, म्हणजे 540 रुपयांच्या आसपास. तेव्हा भाव कमी करायचा की तोच ठेवून फायदा घ्यायचा, हा निर्णय तुमचा. पण तो निर्णय आकडा बघून घ्या, शेजारचा किती घेतो ते बघून नाही.

"पण सर, आमच्या गावात 860 कोण देणार?" सगळे देणार नाहीत. जो रोज दूध घालायला राजदूत वापरतो तो कदाचित नाही देणार. ज्याने वडिलांची बुलेट सांभाळून ठेवलीय तो देईल, जर त्याला माप दिसलं तर. म्हणून पुढचा कागद महत्त्वाचा.

जॉब कार्ड: तुमची खरी पुंजी

प्रत्येक गाडीसाठी एक कार्ड. त्यावर एवढंच:

- तारीख, किलोमीटर
- बॅटरीचे व्होल्ट
- आल्यावर पॉइंटचा गॅप / दिल्यावरचा गॅप
- आल्यावर टायमिंग / दिल्यावरचं टायमिंग
- टाच, कॅम शाफ्टचा खेळ, ऑटो ॲडव्हान्स: ठीक की नाही
- बदललेला भाग, न बदललेला पण लक्ष ठेवायचा भाग
- पुन्हा यायची तारीख किंवा किलोमीटर

एक प्रत गिऱ्हाइकाला, एक तुमच्याकडे. पाचशे किलोमीटरनंतर गाडी आली की गॅप मोजा. नव्या सेटची टाच सुरुवातीला थोडी बसते, त्यामुळे गॅप किंचित कमी झालेला असेल. परत 0.35 ते 0.40 मध्ये आणा, टायमिंग तपासा, लिहा. पन्नास कार्डं जमली की कोणत्या दुकानाच्या सेटची टाच टिकते आणि कोणाची नाही, ते तुम्हाला तोंडपाठ असेल. ही माहिती कुठल्या कोर्समध्ये मिळत नाही.

कार्डावर हमीही साध्या भाषेत लिहा: कामाची हमी 30 दिवस किंवा 500 किलोमीटर, कॉइल, बॅटरी, वायरिंग त्यात नाही. तोंडी हमीवरून भांडणं होतात, लिहिलेल्यावरून कमी.

आणि एक शब्द जपून वापरा: "व्हिंटेज". 2021 मध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत बदल करून पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकींसाठी व्हिंटेज नोंदणीची तरतूद केली. अशी नोंदणी झालेली गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी चालवता येत नाही. 1985 ची बुलेट या अर्थाने व्हिंटेज नाही, ती साधी जुनी गाडी आहे. तिची 15 वर्षांनंतरची नोंदणी नव्याने केलेली आहे का, हे मालकाला विचारा. कागद संपलेल्या गाडीवर पैसे घालायला लावून नंतर ती रस्त्यावर आणता येत नाही, असं होऊ नये. बोर्डावर "जुन्या मोटरसायकलींची दुरुस्ती" एवढं लिहिलंत तरी लोकांना समजतं.

"त्यापेक्षा इलेक्ट्रॉनिक किट टाक ना"

हे गिऱ्हाईक म्हणणारच, आणि त्याचं चूक नाही. किटमध्ये टाच नाही, झीज नाही, गॅप बघायची कटकट नाही. ज्याला गाडी रोज चालवायची आहे आणि पाना हातात घ्यायचा नाही, त्याला किट चांगलं. पण किट रस्त्यात गेलं तर तिथे दुरुस्त होत नाही. पॉइंट व्हिजिटिंग कार्डाने साफ करून घरापर्यंत येता येतं. ज्याला गाडी कंपनीतून आली तशीच ठेवायची आहे, त्याला पॉइंटच हवेत.

दोन्ही बाजू सांगा, किंमत सांगा, निर्णय त्याचा. आणि किट बसवायचं झालं तरी शाफ्टचा खेळ आणि ऑटो ॲडव्हान्स तपासावंच लागतं. म्हणजे आज शिकलेलं वाया जात नाही.

हेही खरं आहे की फक्त पॉइंटवर गॅरेज चालणार नाही. गाड्या मोजक्या आहेत. पण पॉइंटसाठी आलेली गाडी कार्ब्युरेटर, क्लच प्लेट, वायरिंगसाठीही तुमच्याकडेच येते. पॉइंट हे दार आहे. रोजचा खर्च ऑइल बदल, ब्रेक, पंक्चर यांतून निघू द्या आणि जुन्या गाड्यांसाठी आठवड्यातले दोन दिवस राखून ठेवा.

या आठवड्याचं काम

1. तुमच्या गावात, ओळखीत पॉइंटवाल्या किती गाड्या उभ्या आहेत त्याची यादी करा. चालू आणि बंद दोन्ही. दहाच्या खाली असतील तर शेजारचं गाव धरा.
2. एका जुन्या मिस्त्रींकडे जा. त्यांच्या हाताखाली दोन रविवार बसा. ते डोळ्याने जे करतात ते तुम्ही फिलर गेजने मोजून वहीत लिहा.
3. घरच्या किंवा मित्राच्या गाडीचे पॉइंट तीनदा काढून तीनदा बसवा. प्रत्येक वेळी घड्याळ लावा.
4. तुमचा तासाचा खर्च काढा. वर दिलेल्या पाच ओळींत तुमचे आकडे भरा.
5. जॉब कार्डाच्या 20 प्रती छापून घ्या.
6. उद्यम नोंदणी केली नसेल तर करून टाका. सरकारी पोर्टलवर आधारने होते आणि तिला शुल्क नाही. कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

पुढच्या व्हिडिओत बुलेटचा कार्ब्युरेटर खोलणार आहोत. तोपर्यंत पहिलं कार्ड भरून ठेवा. गॅप, टायमिंग, तारीख आणि खाली तुमची सही.